जागा हाये मी, साहेब!

फौजेतली माणसं एकत्र बसली की लढाईच्या गोष्टी निघतात, असं लोकांना वाटतं. आम्ही लढाई पाहिलीच नाही! आमच्याजवळ साठले ते सगळे थकव्याचे किस्से. कोण कुठं झोपला, कोण कशावरून रडला. एक निघाला की त्याच्यामागून दुसरा निघतो. परवा फौजेतला माझा सोबती मारोती घरी भेटायला आला. आम्ही दोघं हसलो, अन् आत माय दिसली तसे गप्प झालो. माझा थोरला भाऊ श्रावणदादा, त्याला जाऊन अजून महिना झाला नाही. याच उन्हाळ्यात छावणीवर गवत कापता कापता उन्हाची लू लागली त्याला.

मी चौथी शिकलेला. जसं आठवतं तसं सांगतो.

पुलगावच्या पलीकडं माळावर आमची छावणी होती. दादा हुद्द्यानं नाईक होता, मी अन् मारोती त्याच्या हाताखालचे शिपाई. छावणीत दारूगोळा असल्यामुळं उन्हाळ्यात भोवतालचं वाळलं गवत मुळासकट काढावं लागे. एक ठिणगी पडली तर सगळंच संपलं! दिवसभर खुरपायचं अन् मधल्या वेळात, रात्रीसुद्धा, बंदूक घेऊन पहारा.

*

भर दुपारी मारोती फाटकावर उभा होता. धोब्याचं गाढव त्याच्यासमोरून आत गेलं, थेट हवालदारसाहेबांच्या तंबूपर्यंत!

"गधे को अंदर क्यों छोड़ा?" हवालदार गरजला.

"साहेब, पाठीवर ओझं होतं अन् चालता चालता झोपलं होतं. मले वाटलं आपल्यातलंच हाये!"

सगळी परेड हसली. मारोती मात्र खाली मान घालून उभा होता. त्यानं विनोद केलाच नव्हता.

*

एकदा माझ्या ताटात करपलेली पोळी आली. एरवी मी दगडही खाईन! त्या दिवशी ताट फेकलं, स्वयंपाक्याची कॉलर धरली, अन् काय झालं कोण जाणे, त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागलो. चांगला मिशी फुटलेला माणूस!

दादानं मला बाजूला नेलं. "कायले रडून राह्यला बे?"

"पोळी करपली."

"मंग माही घे."

त्याची माझ्यापेक्षा जास्त करपलेली होती. मी मुकाट्यानं खाल्ली.

*

पुढं पुढं कोणी कोणाशी बोलेना. हवालदाराच्याही ते ध्यानात आलं. रांगेसमोर उभं राहून त्यानं एक चुटका सांगितला. कोणी हललं नाही. त्यानं परत सांगितला. तरी नाही!

"सेक्शन... हँस!"

हुकूम म्हटल्यावर आम्ही हसलो. सगळे एकदम, सावधानमध्ये!

"बस!" म्हटल्यावर थांबलो. मारोतीचं मात्र थांबेना. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आम्ही सगळे समोर बघत राहिलो. त्या दिवसानंतर हवालदारानं चुटका सांगितला नाही.

*

मग दादाला अन् मला रजा मिळाली. घरी येताच दादा बाजेवर आडवा झाला, बुटांसकट. मायनं हळूच एक बूट ओढला.

दादा झोपेतच ओरडला, "जागा हाये मी, साहेब!"

मायनं दुसऱ्या बुटाला हात लावला नाही. तो एक बूट घालूनच झोपला. माय भिंतीकडं तोंड करून बसली.

*

दुसऱ्या दिवशी बोरगावला दादासाठी पोरगी पाहायला जायचं होतं. आधीच्या दोन घरांनी फौजी म्हणून नाही म्हटलं होतं. हे तिसरं. मायनं वाटेत दादाला बजावलं, "आता तरी नीट बसजो बापा. हे घर गेलं त मी कोणाच्या दारात नाई जात."

बैठकीत बसलो. पोरीच्या मामानं विचारलं, "पहाऱ्यावर काय काम असते?"

दादानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, अन् तसाच झोपला! भिंतीला टेकून, टोपी मांडीवर, तोंड उघडं.

मी चिमटा काढला. काही नाही. पाय दाबला. काही नाही. लाजेनं माझे कान तापले.

"दारू घेते का पोरगा?" मामानं विचारलं. मायनं तोंडावर पदर घेतला.

तेवढ्यात पोरगी चहा घेऊन आली. रीतीप्रमाणं तिनं समोरच्या पाटावर खाली मान घालून बसायचं होतं. तिनं चहा खाली ठेवला. दारातून ऊन आत आलं होतं, ते नेमकं दादाच्या तोंडावर पडलं होतं. मामा त्याला हलवायला उठला.

"राहू द्या न मामाजी," ती म्हणाली.

अन् पाट सोडून ती दारात जाऊन उभी राहिली. तिची सावली दादाच्या तोंडावर पडली. ऊन सरकलं की तीही सरकायची. चहावर साय धरली. उठलेला मामाही परत खाली बसला.

किती वेळानं कोण जाणे, दादा दचकून उठला. समोर उभं माणूस पाहून ताडकन सावधान झाला. टोपी खाली पडली.

"पहारा बदलला का?"

"हो," ती म्हणाली. "आता माही पाळी हाये. तुमी झोपा."