कोपरा फाडलेलं आमंत्रण

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवते. आणि तो कप खाली ठेवा, नाहीतर चहा नाकात जायचा. तर ऐका. मी एकदा माझ्या सासऱ्यांना मारलं होतं. चांगले धडधाकट, सकाळी भाकरी-ठेचा खाऊन बाहेर पडलेले मामंजी! आणि मारलं कशानं? बटाटा, भेंडी आणि कणकेच्या खळीनं.

खोटं वाटतं ना? मलाही वाटायचं, स्वप्न असेल म्हणून. पण नाही हो!

माझं लग्न होऊन मी अंबाजोगाईहून पालीला आले, तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. थापायला घेतली की तिला कोपरे फुटायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलायच्या काही नाहीत. नुसत्या भाकरीकडं बघायच्या, मग माझ्याकडं बघायच्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या!

म्हणून मी मनाशी ठरवलं, या घरात नाव काढायचं ते कलेनं. मला कागदकाम यायचं. कॉलेजात असताना एका शिबिरात शिकले होते. बटाट्यात पान कोरायचं, भेंडी आडवी कापली की आयतं फूल, ते रंगात बुडवून कागदावर ठसे मारायचे, कार्डं करायची, भेटीच्या डब्यांना सोनेरी कागद लावायचा. पण पालीत कार्ड द्यायचं कुणाला? वाढदिवस कुणाला माहीत होते तिथं? म्हशींच्या वेताच्या तारखा तेवढ्या पाठ.

आणि मग माझ्या नणंदेचं, सुनंदाचं, लग्न जमलं.

साल दुष्काळाचं. बिंदुसरा धरणाच्या तळात पोरं क्रिकेट खेळत होती. गावाला पाणी टँकरचं, तेही मर्जी झाली तर. पंगत कशी उठवायची म्हणून लोकांनी लग्नं पुढं ढकललेली. पण सुनंदाचं थांबवून चालणार नव्हतं. तिचं आधी एक ठरलेलं मोडलं होतं. पुन्हा मोडलं असतं तर ‘पोरीतच कायतरी हाय’ म्हणायला गाव मोकळं! हे स्थळ उमापूरचं. मामंजी आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन, मुलाचे वडील त्यांच्या सोसायटीचे. बीडला दूध संघाच्या मीटिंगला शेजारी शेजारी बसून बसून दोघांनी सोयरीक जमवलेली.

पण त्या घरात चालायचं ते मुलाच्या आजीचं. म्हातारी लई कडक. “दुष्काळात कावून करायचं लगीन?” म्हणून अडून बसली होती. हातापाया पडून कशीबशी तयार झालेली. आणि आमची सुनंदा? मुलगा बघून गेल्यापासून शेण काढतानासुद्धा गाणं गुणगुणायची हो! मला तिचं इतकं बरं वाटायचं!

साखरपुडा आमच्याकडं ठरला. मी लगेच पदर खोचला. “आमंत्रणाची कार्डं मी करणार!”

“कार्ड कशाला गं? अक्षदा पाठवल्या की झालं,” आत्याबाई म्हणाल्या.

“अहो, उमापूरची भावकी मोठी. घरोघर हातानं केलेलं कार्ड गेलं तर कसं उठून दिसेल!”

“करू दे की वो आई,” सुनंदा मधेच म्हणाली. “वैनीला लई हौस हाय.”

झालं! आम्ही दोघी नणंदा-भावजया ओसरीवर बसलो. माझी कल्पना अशी: एक जाड कागद वर, एक पातळ कागद आत, कणकेच्या खळीनं चिकटवलेला. आतल्यावर मजकूर आणि कोपऱ्यात भेंडीचं लालभडक फूल, कुंकू कालवून उठवलेलं. वरच्या जाड कागदाच्या कडेनं बटाट्याच्या पानांची वेल आणि खाली आमचं आडनाव, गाव पाली. आता आतलं फूल बाहेर दिसायला हवं ना? म्हणून वरच्या कागदाचा एक कोपरा हातानं फाडायचा. कात्रीनं नाही हं, हातानं. फाटलेल्या कडेतून फूल असं डोकावतं, की बघत राहावं!

वेलीला रंग कुठला? हिरवा संपलेला. मग मामंजींच्या सोसायटीतलं स्टॅम्पपॅड आणलं. काळ्या शाईचं.

आता तुमच्यातल्या जाणत्यांच्या लक्षात आलंच असेल. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडं मयताची खबर पत्रानं कळवायची तर त्या पत्राचा कोपरा फाडतात. तसलं पत्र कुणी घरात घेत नाही. दारातच फाडून टाकायचं आणि सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळ करायची.

“मग बाई, तुला एवढंही कळलं नाही?” असं विचारताय ना? कळत होतं हो! लहानपणापासून कळत होतं. पण फूल डोकावत होतं ना तिथून! फूल दिसलं की फाटका कोपरा कोण बघतं? आत्याबाईंनीसुद्धा कार्ड हातात धरलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाल्या, “फूल बेस हाय.” पालीत आल्यापासून त्यांनी माझी केलेली पहिली तारीफ! मी तर हवेतच गेले.

कार्डं न्यायला बब्रुवान होता. संघाच्या दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर. आमचं दूध बीडला टाकायचा आणि तिथून धुतलेले रिकामे कॅन घेऊन उमापूरकडं जायचा. मी सगळी कार्डं दोऱ्यानं बांधली आणि त्याच्या हातात दिली. “जपून ने रे!”

“काळजीच करू नका वैनी. कॅनच्या मधी ठिवतो, गच्च. हलायची न्हाईत.”

तिथंच माती खाल्ली. ओले कॅन आणि माझी कणकेची खळ!

दुसऱ्या दिवशी साखरपुड्याची तयारी चाललेली. पाहुण्यांसाठी पिंपं भरून ठेवलेली, त्यांच्यावर आत्याबाईंचा डोळा. सकाळी बब्रुवान दारात. हातात ओल्या कागदांचा गठ्ठा.

“वैनी, ही तुमचीच न्हवं? कॅनला चिकटून बसली हुती.”

बघते तर आतले पातळ कागद! मजकूर त्यांच्यावर. फुलं त्यांच्यावर. सगळेच्या सगळे!

“आणि बाहेरचे रे? जाड कागद?”

“ते दिले की काल सांच्याला. आजीबाईच्या हातातच दिले.”

“मग? काय म्हणाल्या?”

“काय की. मी गाडी चालूच ठिवली हुती. मागं कुनीतरी वरडल्यावानी झालं. मला वाटलं, आनंदानं.”

काळी कड, फाटका कोपरा आणि खाली नुसतं आमचं आडनाव-गाव. एक नाही, गठ्ठाभर! उमापूरच्या अख्ख्या भावकीत मी मयताची खबर धाडली होती. आणि आमच्या घरात म्हातारं माणूस कोण? मामंजी! मनात आलं, मोडली. सुनंदाची सोयरीक मोडली आणि ती मी मोडली.

फोन करावा? गावात फोन एकच, सोसायटीत. सोसायटीला कुलूप, किल्ली मामंजींच्या कडदोऱ्याला आणि मामंजी भल्या सकाळीच टँकर हुडकायला गेलेले! मी तशीच परत फिरले. म्हटलं, आत्याबाईंना सांगून टाकू.

“आत्याबाई, एक सांगायचं होतं...”

“मागून सांग. आधी साखरेचा पुडा सजव. सोनेरी कागद लावनार हुतीस न्हवं?”

“अहो पण ती कार्डं...”

“कार्डं गेली न्हवं? मग झालं. बस खाली.”

बसले. पुड्याला सोनेरी कागद लावायला घेतला, तर कागद पुड्याला कमी आणि माझ्या बांगड्यांना जास्त. शेजारी सुनंदा मेंदीचे हात पसरून बसलेली. म्हणते कशी, “वैनी, कार्ड बघून त्यांच्या घरी लई नवल केलं आसंल, न्हाई?” मी तिच्याकडं बघूच शकले नाही. रडूच येत होतं मला.

तेवढ्यात वेशीकडून जीपचा आवाज आला. आणि जीपच्या आवाजाच्या वर दुसरा आवाज.

हंबरडा हो!

दारात जीप थांबली. मुलाची आई पदर डोळ्यावर ओढून उतरली ती थेट आत्याबाईंच्या गळ्यात. “कसं वो झालं आसंऽऽ! सोन्यावानी मानूस वोऽऽ!”

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कुणी गळ्यात पडून रडायला लागलं, की आधी रडायचं. कोण गेलं ते मागून विचारायचं. आत्याबाईंनीही गळा काढला. रडता रडता माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, “त्यांची म्हातारी गेली गं! आता कशाचा साखरपुडा!”

“नाही हो आत्याबाई, ऐका तरी...”

“गप! रड आधी!”

मग काय, रडले. मला तर कारणही होतं.

तेवढ्यात काठी टेकत म्हातारीच आत आली. जिवंत! आत्याबाईंचं रडणं तिथल्या तिथं थांबलं. आता त्यांना कळेना, आपण रडतोय कुणासाठी. म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तिची नजर कपाळावर येऊन थांबली.

“कुकू आजून तसंच कावून हाय?”

“म्हंजे?” आत्याबाईंचा हात कपाळाकडं गेला. “कुनाचं कुकू? काय बोलताय काय तुमी?”

ते ओले कागद मी पदराखाली गच्च धरलेले, कुंकवाचा लाल रंग पदराला लागलेला. तेवढ्यात मागच्या दारानं खणखणीत आवाज आला.

“टँकर मिळाला गं! सांजच्याला येतोय!”

मामंजी!

विहीणबाई अशा किंचाळल्या की दारची शेळी दावं तोडून पळाली. मुलाचे वडील टोपी काढून ओट्यावर बसलेले, ते उठून दोन पावलं मागं सरकले. मामंजींनी ते बोडकं डोकं पाहिलं, बायकांचे रडवेले चेहरे पाहिले, स्वतःचीही टोपी काढली आणि आवाज बारीक करून विचारलं, “कोन गेलं वो?”

“तुमी!” मुलाचे वडील म्हणाले.

“मी? कवा?”

“काल सांच्याला खबर आली की!”

मग मला पुढं व्हावंच लागलं. पदराखालचे कागद काढले आणि सगळं सांगितलं. बटाटा, भेंडी, स्टॅम्पपॅड, खळ, कॅन. कुणी हसलं नाही. मामंजी स्वतःच्या छातीवर हात फिरवून बघत होते. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या, ते भाकरीकडं बघायच्या ना, तसंच.

विहीणबाईंना मात्र वाचा फुटली. “अन् आमच्या पान्याचं काय? अख्खी भावकी डोक्यावरनं न्हाली की वो रातच्याला! हौद कोरडा केला! आता टँकर कवा यील, कुनाला म्हाईत! जनावरांनी काय प्यावं?” आणि पुन्हा रडायला लागल्या. खरं सांगते, मामंजींसाठी रडत होत्या त्यापेक्षा हे रडणं खोलातलं होतं.

सुनंदा मेंदीचे हात तसेच धरून दाराआड उभी होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि पुसता येईना. मी मनात म्हटलं, देवा, मला काय शिक्षा करायची ती कर. माहेरी धाड. पण हिचं मोडू नको रे.

सगळे म्हातारीकडं बघायला लागले. ती खाटेवर बसली, काठी आडवी घेतली, कमरेच्या पिशवीतून एक कार्ड काढलं. फाडायचं राहून गेलेलं एक तिनं जपून आणलं होतं. ते उलटंपालटं केलं. फाटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग मामंजींकडं बघितलं, बराच वेळ.

“आपशकून म्हनावा,” म्हातारी म्हणाली, “तर आपशकून न्हाई.”

तिनं कार्ड मांडीवर ठेवलं.

“जित्या मानसाच्या मरनाची खबर उठली, की त्याचं आविष्य वाढतं. आमच्या सासऱ्याची आशीच खबर उठली हुती. पार पंतवंडं खेळवून गेला. व्याही आता जात न्हाई लवकर.”

मामंजींनी टोपी डोक्यावर ठेवली. आत्याबाईंनी देवाला हात जोडले. सुनंदा दाराआड तशीच खाली बसली.

“मंग साखरपुडा?” मामंजींनी भीत भीत विचारलं.

“व्हईल. पन माझी एक आट हाय.”

मामंजींचा चेहरा उतरला. दुष्काळात ही बाई आता काय मागते? म्हातारीनं बोट माझ्याकडं केलं. “ती कागदवाली. हिकडं ये.”

गेले. काय करणार? तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं आणि माझ्या कानात बोलली. कानात म्हणजे काय, तिला स्वतःला कमी ऐकू यायचं, त्यामुळं वेशीपर्यंत गेलं असेल.

“मला बी नातवाची लेकरं बघायची हायेत. माझ्या नावाचं एक कर. गावभर वाट.”

काय सांगू, इतका वेळ दाबून ठेवलेला जीव एकदम मोकळा झाला. सोयरीक टिकली होती, आणि वर मला ऑर्डर मिळाली होती! आयुष्यातली पहिली ऑर्डर! माझ्यातली कलावंतीण लगेच उठून बसली.

“करते की आजी! आणि या वेळी छान हिरवी वेल काढते. आत भेंडीचं फूल तर हवंच, शिवाय कडेला सोनेरी कागद...”

म्हातारीनं माझ्या हातातले ते फुलांचे ओले कागद घेतले, एक नजर टाकली आणि खाटेखाली सारले.

“ही आसली फुलंबिलं काडत बसू नगंस बाई,” ती म्हणाली. “तुला जमतंय तेवडंच कर. नुसता कोपरा फाड.”