चाक घरी यायला हवं

मी शिक्षिका आहे, आणि आम्हा शिक्षकांना एक खोड असते. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच त्यातली चूक आम्हाला सापडते. शाळेत ती खपून जाते. घरात मात्र माझ्या या खोडीपायी माझ्या वडिलांच्या हातून गाडी गेली. ते कसं झालं हे सांगायचं तर आधी स्टेअरिंगबद्दल सांगायला हवं, आणि त्यातलं मला जे काही कळतं ते त्यांनीच शिकवलेलं आहे.

बाबांनी उभी हयात पोलादपूर ते उमरठ माणसांची जीप चालवली. आत दाटीवाटीने माणसं, टपावर पोती, कोंबड्यांची खुराडी, कधी नव्या नवरीचं कपाट. पॉवर स्टेअरिंग वगैरे भानगड तिला नव्हती. उभ्या गाडीत चाक फिरवणं म्हणजे जातं ओढणं होतं. मी कॉलेजात असताना त्यांनी मला त्याच जीपवर शिकवलं. पहिल्या दिवशी मी चाक इतकं घट्ट धरलं की माझी बोटं पांढरी पडली.

"गळा कशाला दाबतेस गो त्याचा?" बाबा म्हणाले. "नुसता हात ठेव. आपण त्याला सांगायचं, तसं त्याचंपण ऐकायचं."

ऐकायचं म्हणजे काय, ते कळायला मला एक अख्खा पावसाळा जावा लागला. शेताच्या बांधावरून चिखल वाहून रस्त्यावर यायचा, तिथे टायर सरकायच्या क्षणभर आधी चाक हातात एकदम हलकं व्हायचं. ते हलकेपण कळलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप वर यायचा. वळणात गाडी घातली की उलट व्हायचं, चाक जड होत जायचं. पण तो भार नकोसा नसायचा. भरलेला हंडा कमरेवर नीट बसला की जसं वाटतं, तसं वाटायचं. थोडं वळवलं की गाडी थोडी वळायची, जास्त वळवलं की जास्त. त्या खडखडणाऱ्या जीपमध्ये मला जो आनंद झाला तो पुढे कुठल्याच गाडीत झाला नाही, हे मी आज कबूल करते. तेव्हा कुणी विचारलं असतं तर हसण्यावारी नेलं असतं.

पोलादपूरच्या जीपवाल्यांची एक रीत होती. सकाळच्या पहिल्या फेरीला, स्टँड सोडल्यावर जे पहिलं मोठं वळण येईल त्यातून बाहेर पडताना दोन्ही तळवे उघडायचे. हात चाकाभोवतीच, पण चाकाला स्पर्श नाही. चाक त्या उघड्या तळव्यांमधून आपलं आपण सरसर फिरत सरळ व्हायला हवं. "आलं घरी," असं बाबा म्हणायचे, आणि मग गियर टाकायचे. ज्या दिवशी चाक घरी येणार नाही त्या दिवशी माणसं उतरवायची आणि गाडी मेकॅनिककडे न्यायची. देवाला नमस्कार एखादे वेळी राहून जाईल, पण हे चुकायचं नाही.

पुढे जीप विकली. आई गेली आणि मी बाबांना महाडला माझ्याकडे आणलं. बदली होऊन निघालेल्या एका सहकाऱ्याची गाडी मी घेतली. पांढरी, दिसायला नवीकोरी, स्टेअरिंग असं की एका बोटाने फिरावं. मी भलतीच खूश होते. रविवारी चावी बाबांच्या हातात दिली. ते एकटेच पोलादपूरच्या दिशेला चक्कर मारून आले आणि अंगणात गाडीभोवती फिरत राहिले.

"कशी आहे?"

"हलकी हाय. पन मुकी हाय," ते म्हणाले. "आनि चाक घरी येत नाय तिचं."

"बाबा, हे इलेक्ट्रिक स्टेअरिंग आहे," मी सुरू झाले. "आत मोटर असते. नव्या गाड्या अशाच असतात. तुमच्या जीपचा हिशोब हिला लावू नका." फक्त हातात खडू नव्हता, बाकी तास पूर्ण घेतला. त्यांनी ऐकून घेतलं. "असंल," म्हणाले.

तरी आठवडाभर ते अधूनमधून पुटपुटत राहिले, म्हणून मी गाडी चाकांची अलाइनमेंट बघणाऱ्या दुकानात नेली. मशीनने कागद छापून दिला. सगळे आकडे हिरवे. मी तो कागद बाबांच्या पुढ्यात ठेवला. छापील कागदाशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

काही आठवड्यांनी उमरठला नात्यात साखरपुडा होता. सकाळची वेळ, बाबा चालवत होते, मी शेजारी. एका डाव्या वळणातून निघताना त्यांनी दोन्ही तळवे उघडले. चाक जिथल्या तिथे राहिलं. गाडी वळतच गेली, आणि बाबांनी चाक पकडेपर्यंत डावी बाजू दगडी कठड्याला घासत गेली. कुणाला काही लागलं नाही. दोन्ही दारं मात्र कुऱ्हाडीने तासावीत तशी तासली गेली.

मी काय काय बोलले ते सगळं आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. "वळणावर हात सोडता? वळणावर? तुम्हाला आता दिसत नाही, तुमच्या ध्यानात काही राहत नाही!"

"येतंय का बघत हुतो."

"काय येतंय का?"

"चाक. तू म्हनालीस कागदावर सगळं बरोबर हाय, म्हून बघितलं."

मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. मी हात पुढे केला. त्यांनी चावी काढून माझ्या हातावर ठेवली. आम्ही जागा बदलल्या. बासष्ट-त्रेसष्टचा तो धडधाकट माणूस डाव्या बाजूला बसला, आणि त्यानंतर दोन वर्षं त्याच बाजूला बसत राहिला. पुन्हा कधी चावी मागितली नाही. वळण आलं की त्यांचे मांडीवरचे तळवे उघडायचे आणि मिटायचे. मी ते बघायचे आणि मनात म्हणायचे, म्हातारपण. त्याच दोन वर्षांत त्यांना काचबिंदू झाला. एक डोळा गेलाच, दुसऱ्याने समोरचं तेवढं पुसट दिसतं. तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला होता, बरं झालं वेळीच चावी काढून घेतली म्हणून. हे लिहितानासुद्धा माझी मला लाज वाटते.

मागच्या महिन्यात गाडी खडखड वाजायला लागली, म्हणून महाडच्याच एका जुन्या मेकॅनिकचाचांकडे नेली. ते चालवायला बसले, मी शेजारी. गावाबाहेरच्या वळणातून निघताना चाचांनी दोन्ही तळवे उघडले.

चाचांनी सावकाश हातांनी चाक सरळ केलं आणि गाडी बाजूला घेतली.

"ताई, ह्याचं चाक घरी येत नाय."

मी विचारलं, "इलेक्ट्रिकचं असंच असतं ना?"

"कुनी सांगितलं? मोटरवालं पन सुटून आलंच पायजे. तुम्ही दरवेळी वडून आनता, तुम्हाला सवय झाली, म्हून कळत नाय."

त्यांनी खाली वाकून स्टेअरिंगच्या दांड्याचा सांधा दाखवला. तो गंजून आवळला होता. गाडीने पुराचं पाणी खाल्लंय, ते म्हणाले, कधीतरी गल्लीत उभी असताना. माझ्या सहकाऱ्याला तरी ते माहीत होतं की नाही कोण जाणे. मग कागदावर सगळं हिरवं कसं, असं मी विचारलं. चाचा हसले. मशीन चाकं मोजतं, म्हणाले, सांधा मोजत नाही. त्यांनी सांधा बदलला. काम दुपारपर्यंतचं होतं.

रविवारी मी बाबांना म्हटलं, उमरठला जाऊन येऊ. दुरुस्तीचं काही सांगितलं नाही. मनात होतं की त्यांना एकदम दाखवावं, ते खूश होतील. त्याच डाव्या वळणातून बाहेर पडताना मी आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही तळवे उघडले. चाक बोटांना पुसटसं घासत सरसर फिरलं आणि सरळ झालं. बाबांना माझे हात नीट दिसले नसणार. पण अंगाला कळलं असावं.

"हात सोडलेस?"

"हो."

"आलं घरी?"

"आलं, बाबा."

ते मान हलवून म्हणाले, "म्हंजी तवा माझाच हात गेला हुता. तू बरोबर बोललीस."

मी गाडी कडेला घेतली. सगळं सांगितलं. चाचांचं, सांध्याचं, पुराच्या पाण्याचं. मशीनच्या कागदाचंही. माझी चूक झाली, हे वाक्य मी शाळेत मुलांकडून किती वेळा म्हणवून घेतलंय, पण ते मला दोनदा अडखळल्याशिवाय म्हणता आलं नाही.

"गंज हुता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कवापासनं?"

"आपण घेतली तेव्हापासून."

त्यांनी फक्त "हं" केलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी गाडी बंद केली, चावी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. का ठेवली, सांगता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी जिथे घेतली होती तिथेच परत द्यावी, एवढंच सुचलं. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, एकदा उलटी केली, आणि माझा हात शोधून त्यात परत ठेवली.

"आता नको बाय. आता खरंच दिसत नाय. चल, काढ गाडी, मागून एसटी येईल."