चक्कर कानातली, वजन मानेला

"मॅडम, तुमच्या मानेला काहीही झालेलं नाही," धुळ्याचे कानाचे डॉक्टर म्हणाले. मी टेबलाची कड घट्ट धरून त्यांच्याकडे बघतच राहिले. दोंडाईच्यात एकोणीस वर्षं फिजिओथेरपीचा दवाखाना चालवणाऱ्या बाईला मानेतलं हे शिकवणार!

पाच दिवसांपूर्वी सकाळी कुशीवर वळले आणि आख्खी खोली गरगर फिरली. अर्ध्या मिनिटात थांबली. पुन्हा वळले, पुन्हा तेच, वर उलटी. मी निदान करून मोकळी झाले: मानेचे मणके झिजले. चार दिवस स्वतःलाच ट्रॅक्शन लावून घेतलं, म्हणजे हनुवटीला पट्टा आणि मानेला वजन. चक्कर तिथल्या तिथेच.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बीपीपीव्ही. आतल्या कानात तोल सांभाळणारे बारीक कण असतात. ते जागा सोडून भलतीकडे शिरले की डोकं वळताच चक्कर येते. त्यांनी मला आडवं केलं, डोकं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवून थांबले, मग कुशीवर घेऊन उठवलं. याला एप्ली मॅनुव्हर म्हणतात. पाच-सात मिनिटांचं काम. ना गोळी, ना सुई.

"हे फिजिओथेरपिस्टही करतात की. तुम्ही शिकला नाहीत?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरी होऊन घरी आले, पण चैन पडेना. चक्कर येते म्हणून आलेल्या किती जणांच्या मानेला मी वजन लावलं असेल? आठवायला बसले आणि घाबरून उठले.

तसं शिक्षण माझं चालूच होतं म्हणा! व्यवसायाची नोंदणी टिकवायला प्रशिक्षणाचे गुण लागतात, म्हणून ऑनलाइन व्याख्यान लावायचं, कॅमेरा बंद करून भाजी फोडणीला टाकायची आणि प्रमाणपत्र भिंतीवर टांगायचं. पुढची पदवी घ्यायची तर दवाखाना बंद ठेवावा लागणार, ते जमणारं नव्हतं. शेवटी नाशिकची दोन शनिवार-रविवारांची कार्यशाळा धरली. तिथे एकमेकींवरच हात चालवून शिकायचं होतं. पोरीबाळींत बसले. पहिल्याच दिवशी समोरचीचं डोकं उलट्या बाजूला वळवलं आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली.

तुम्हालाही चक्कर येत असेल तर एक सांगते. प्रत्येक चक्कर कानाची नसते. बोलणं अडखळलं, हातपाय लुळे वाटले, तर तडक मोठा दवाखाना गाठा.

परतल्यावर पहिला फोन केला तो गावातल्या एका अक्कांना. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मानेला मी वीस दिवस वजन लावलं होतं. चक्कर गेली नव्हती. आडवं झालं की गरगरतं, म्हणून त्या तेव्हापासून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपत होत्या.

अक्का आल्या. बाहेर बाकावर बाकीचे पेशंट थांबले होते. त्यांना आडवं केलं आणि त्यांचे डोळे थरथर उडू लागले. कानातले कण हलल्याची हीच खूण. मी सावकाश सगळं केलं, थोड्या वेळाने पुन्हा तपासलं. डोळे शांत.

"हाई तवय काब्र नही करं वं माय?" अक्कांनी उठून बसत विचारलं.

तेव्हाच का केलं नाही, याला सांगायला सबबी होत्या.

"मला येत नव्हतं, अक्का," मी म्हणाले आणि रडू कोसळलं.

अक्का टेबलावर पुन्हा आडव्या झाल्या, चांगल्या उताण्या, आणि डोळे मिटून घेतले.

"आते उठाडू नको माले," त्या म्हणाल्या. "बाहेरनास्ले सांग, येळ लागी."