वजनदार बटेरांचा गप पिंजरा

आधी माझी चूक दुरुस्त करते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, "बटेरांमधले सगळ्यात वजनदार पक्षी पैदाशीला ठेवा, बाकीचे मांसासाठी विका." कुणी तसं करत असेल तर कृपया थांबा.

आज सकाळी आई पाणी ठेवायला गेली आणि मी निवडलेल्या पक्ष्यांपाशी थबकली. "काहून गं, हे इतके गप काहून? तिकडं विकायचे तर नुसते ओरडून राहिले."

बटेरांमध्ये जोरात ओरडतो तो नर. एकेक पक्षी हातात घेऊन पाहिला. नराची छाती तांबूस असते, मादीची ठिपक्यांची. माझ्या पिंजऱ्यात सगळे ठिपकेच!

बाबांनी शेळ्या निवडताना शिकवलं होतं, थोराड जनावर घरी ठेवायचं. पण बटेरांत मादीच नरापेक्षा जड भरते. मी दोघांना एकत्र तोललं, म्हणून नर मागे पडले. अंडी भरपूर मिळाली असती, पिल्लू मात्र एकही नाही.

बाबा म्हणाले, "वऱ्हाड तर झ्याक जमवलंस पोरी, नवरदेव तेवढा न्हाई!"

मलाही हसू आलं, कारण नर अजून घरीच आहेत. ते शुक्रवारी वारंगा फाट्याच्या ढाब्यावर जाणार आहेत.

तुम्ही नर-मादी वेगवेगळे तोलता ना? माझ्या पोस्टमुळे कुणाचे नर विकले गेले असतील तर सांगा, माझ्याकडचे देईन. सगळ्यात जड नर बाजूला काढायला मी तराजू पुन्हा मांडतेय, गुरुवारी सकाळी.