तपकिरीखालचं हिरवं

कोरेगावच्या कॉलेजात मी इतकी वर्षं तपकिरी शैवाल शिकवलं ते एका काचेच्या बरणीतून. फॉर्मॅलिनमध्ये सरगॅसम नावाच्या समुद्री शैवालाचा एक तुकडा होता, रंग कधीच गेलेला. ‘हे तपकिरी असतं’ असं मी सांगायचे आणि मुली लिहून घ्यायच्या. गेल्या वर्षी वनस्पतिशास्त्राला तिघीच उरल्या. पुढच्या वर्षापासून विभाग बंद, असंही कळलं. भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. म्हटलं, निदान यांना समुद्र तरी दाखवावा.

कोयनानगर मागं टाकून घाट उतरताना एकीला सारख्या ओकाऱ्या होत होत्या. किनाऱ्यावर पोचलो तर भरती, खडक सगळे पाण्याखाली. चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत बसून राहिलो. माझे गुडघे ठणकत होते. उगाच आलो असं वाटत होतं.

ओहोटी लागली तशी गाडीत आजारी पडलेली तीच मुलगी सगळ्यांच्या पुढं गेली. खडकांवर सरगॅसमचे दाट तपकिरी झुपके डुलत होते, फांद्यांना मण्यांएवढे हवेचे फुगे. तिनं एक झुपका ओढला. निघेना.

“मॅडम, लय घट्ट हाय. मूळ किती खोल गेलंय?”

“मूळ नाहीच त्याला. बूड फक्त खडक धरून ठेवतं. पाणी, क्षार सगळं अंगानंच घेतं.”

“मग नुसतं धरूनच बसायचं?”

“लाटा थांबत नाहीत ना,” मी म्हणाले.

वाहून आलेला एक तुकडा आम्ही टपरीवर आणला आणि उकळतं पाणी मागून त्यात बुडवला. बघता बघता तो हिरवागार झाला. उष्णतेनं तपकिरी रंग सुटतो आणि खालचं हरितद्रव्य दिसतं, हे मी कैकदा फळ्यावर लिहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी.

“म्हंजी आत हिरवं आधीपास्नंच होतं व्हय?” तिनं विचारलं.

“होतं.”

ती बराच वेळ त्या पेल्यात बघत राहिली.

जूनमध्ये विभाग बंद झाला. आता मला पर्यावरणाचा तास असतो. वर्ग एवढा भरलेला की मागच्या बाकांपर्यंत माझा आवाज पोचत नाही. दोघींची लग्नं ठरली. तिसरी, ती झुपका ओढून पाहणारी, रत्नागिरीला पुढं शिकायला गेली. शैवालावरच काम करायचं म्हणते. अधूनमधून फोन करते.

“मॅडम, यंदा इकडं या की.”

“बघते,” मी म्हणते, आणि घंटा झाली की वर्गावर जाते.