हुडकेश्वरचं घर आम्ही कसं विकलं

घर विकायचं, हे मी ठरवलं. माझे यजमान तयार नव्हते.

त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, पण उजवा पाय उचलेनासा झाला. आमच्या नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरात खाली बैठक आणि स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बाथरूम वर. एक दिवस मी दवाखान्यात औषध आणायला गेले होते. परत आले तर हे जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसलेले. वर जाता येईना, खाली उतरता येईना. तासभर तसेच बसून होते.

"आवाज काहून नाही दिला शेजाऱ्यांना?" मी विचारलं.

"लाज वाटली," ते म्हणाले.

त्याच दिवशी मी मनाशी पक्कं केलं. तळमजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा आणि त्यासाठी हे घर विकायचं.

सोपं नव्हतं ते. लग्नानंतर आम्ही चार भाड्याच्या खोल्या बदलल्या होत्या. मी नर्स, ते वीज खात्यात लाइनमन, पगार दोघांचे ठीक. पण आडनाव सांगितलं की खोली 'कालच दिली' असायची. म्हणून पोटाला चिमटा घेऊन आम्ही हा प्लॉट घेतला. घर उभं राहिलं तेव्हा बैठकीच्या भिंतीवर आधी बुद्धाची तसबीर लागली, मग पंखा.

पहिला दलाल आला तो घरभर फिरला आणि म्हणाला, "काकू, आता असं घर कोणी पाहत नाही. सगळे बेस्याले फ्लॅट घेऊन राहिले. लिफ्ट पाहिजे, पार्किंग पाहिजे. तुमचं घर झीरो धरा. जागेचे पैसे भेटतील."

तो जाता जाता बैठकीत थांबला. "आन एक सांगू का? राग नका मानू. ही तसबीर घर विकेपर्यंत आत ठेवा. पार्टी बिचकते."

"कोणती पार्टी?"

"तुमाले समजते ना, काकू."

मला समजत होतं. मी हात पुढे केला आणि गिऱ्हाइकांना घर दाखवायला म्हणून त्याला दिलेली किल्ली परत घेतली.

मग मी एक काम केलं. दर रविवारी रिक्षाने बेस्याला, शहराच्या कडेच्या त्या नव्या वस्तीत, जायचे आणि गिऱ्हाईक म्हणून नमुन्याचे फ्लॅट पाहायचे. आम्हाला फ्लॅट घ्यायचा होताच, पण माझे कान दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे असायचे. तरुण जोडपी यायची. फरशी, गॅलरी नंतर. पहिला प्रश्न ठरलेला: "कर्ज होईल ना?" दुसरा पाण्याचा. तिसरा, गाडी कुठे लावायची? तिथली मुलगी लगेच फाइल उघडून मंजूर नकाशा समोर ठेवायची.

घरी येऊन मी पेटीतले कागद काढले. आमचा वरचा मजला मंजूर नकाशात नव्हताच. नंतर चढवला होता, तसाच राहून गेला. म्हणजे या घरावर कोणतीही बँक कर्ज देणार नव्हती, आणि कर्जाशिवाय आजकाल घर घेतो कोण? दलालाने घर झीरो का धरलं, ते तेव्हा कळलं.

मजला नियमित करून घ्यायला सात महिने गेले. नवा नकाशा, मोजणी, दंड, पुन्हा एक कागद कमी. मी डबा घेऊन जायचे आणि कचेरीतल्या बाकावर बसून राहायचे. रात्रपाळ्या काढलेल्या बाईला बसायचा कंटाळा नसतो. शेवटी मंजुरीचं पत्र हातात पडलं.

पाणी बोअरचं होतंच. राहिला पार्किंगचा प्रश्न. अंगणात सिमेंटचा मोठा हौद होता, त्यामुळे चारचाकी आत येत नव्हती. दिवसाआड टँकर यायचा त्या काळात यांनी तो स्वतःच्या हातांनी बांधला होता.

"हौद नाही तोडायचा," ते म्हणाले आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनीच विचारलं, "कुठून तोडून राहिली?"

मिस्त्री आला तेव्हा त्यांनी अंगणात खुर्ची टाकायला लावली. डाव्या हाताने दाखवत बसले. "इकून मार गा. तिकडं लोखंड आहे." दुपारपर्यंत अंगण मोकळं झालं. ते आत जाऊन, जिना सुटल्यापासून बैठकीत लावलेल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले. मी त्यांना उठवलं नाही.

त्यानंतर गिऱ्हाइकं येऊ लागली. एका जोडप्याला घर फार आवडलं. बाईंनी स्वयंपाकघरात भांडी कुठे लावायची तेही ठरवलं. बैठकीत आल्यावर नवऱ्याने तसबिरीकडे पाहिलं, आमचं आडनाव विचारलं आणि "कळवतो" म्हणाला. कळवलं नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्यांचंही तेच झालं.

"काढू का वं?" यांनी तसबिरीकडे पाहत विचारलं. त्यांचा आवाज थकलेला होता.

"नाही. हिच्यासाठीच तर घर बांधलं होतं. एक वर्ष लागो की दोन."

मग मौद्याकडचा एक म्हातारा शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी शाळेत मास्तरीण, नुकतीच बदलून नागपूरला आलेली. घर तिच्याच नावावर होणार होतं. म्हाताऱ्याने प्रत्येक भिंत बोटाने ठोकून पाहिली. बैठकीत तसबिरीपुढे येऊन उभा राहिला.

"बाई, हे जरा सरकवू का? मागं ओल तर नाही?"

"सरकवा," मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना. त्याने दोन्ही हातांनी तसबीर जपून बाजूला केली, भिंतीला तळवा लावला, पुन्हा जागेवर नीट टांगली.

"कोरडी आहे. बोअरले मे महिन्यात पाणी राहते का?"

"शेवटच्या आठवड्यात धार बारीक होते. सकाळीच भरून ठेवावं लागतं."

तो मुलीकडे वळला. "खरं सांगून राहिली बाई."

तरी भाव त्याने जागेचाच लावला. मी फाइल आणून मुलीपुढे ठेवली. "हा मंजूर नकाशा, हे पत्र. बँकेत दाखवा. बँक घराची किंमत काढेल, मग बोलू." महिनाअखेरपर्यंत थांबते, असा शब्द मी दिला. मध्येच त्या जुन्या दलालाचा फोन आला: एक बिल्डर लगेच जागा घ्यायला तयार आहे. मी नाही म्हटलं. ती रात्र मात्र झोपेविना गेली.

महिना संपायला दोन दिवस असताना मुलीचा फोन आला. कर्ज मंजूर झालं होतं. बँकेने जागेबरोबर घराचीही किंमत धरली होती, आणि आम्ही त्याच भावात व्यवहार केला.

नोंदणीच्या दिवशी यांचा अंगठा मशीनवर उमटेना. तारा ओढून ओढून रेषाच पुसल्या होत्या. तेलाचं बोट लावून, पुसून पाचव्यांदा उमटला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "माझ्या अंगठ्यालेही घर सोडवत नव्हतं." मग आम्ही दोघं तिथेच टपरीवर उभ्या उभ्या चहा प्यायलो.

आता आम्ही बेस्यात तळमजल्यावर राहतो. पहिल्याच आठवड्यात ते काठी टेकत एकटे बाहेर पडले. मी खिडकीशी उभी राहिले, पण हाक मारली नाही. वीस मिनिटांनी ते दुधाची पिशवी घेऊन परत आले आणि म्हणाले, "इथलं दूध पातळ आहे."