आरसी बुकातलं नाव

खोटी सही कुणी ओळखली तर शिवतेजचं काय होईल, हे संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही. माझा मुलगा आमची जीप घेऊन नेपाळच्या सीमेवर सोनौलीला अडकला आहे. गाडी त्याच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर. मालक बरोबर नसेल तर त्याच्या सहीचं संमतिपत्र आणा, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं.

आबांना जाऊन तीन वर्षं झाली. शिवतेजनं ते साहेबांना सांगितलंच नाही, मला फोन केला.

"आई, तू आबांची सही करून फोटो पाठव. तुला येती की."

येते. माझे यजमान मानसिंग औंधकडचे, फौजेत ड्रायव्हर. वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचे. एरवी विश्रामबागेतल्या घराचे कागद, गॅसचा अर्ज, शिवतेजचं प्रगतिपुस्तक, सगळीकडे त्यांची सही मीच करायची. ते हसायचे, "माझ्यापेक्षा तुझीच बरी जमती. एक दिवस बँकवाले मलाच खोटा ठरवतील बघ."

निवृत्तीनंतर ही जीप घेतली. नेपाळातल्या पोखऱ्याचा टेकबहादूर त्यांचा पलटणीतला सोबती. "सरकारी गाडीनं लय हिंडलो," म्हणायचे, "आता त्याच्या दारात माझी गाडी उभी करणार." नवी सीटकव्हरं शिवून आली, त्याच आठवड्यात छातीत दुखायला लागलं. जीप दारातच राहिली.

यंदा जानेवारीत शिवतेजनं जीपच्या आरसी बुकातलं नाव बदलायचा फॉर्म आणला.

"वारस म्हणून तुझी सही लागती आई. आबांचं राहिलेलं मी करून येतो."

"रेशनकार्डावरून नाव काढलं, लाईटबिलावरून काढलं. एवढं एक राहू दे रे."

शिवतेज फॉर्म टेबलावर ठेवून गेला. मी तो कपाटात साड्यांखाली सरकवला. त्याला अडवलं ते साहेबांनी नाही, मीच.

मघाशी कोरा कागद घेतला. पहिल्याच फटक्यात सही उतरली, शेवटच्या 'ग'चा दांडा खाली ओढलेला, हुबेहूब. ते होते तोवर माझ्या हातची सही त्यांचीच होती. पत्रातून, फोनवरून विचारून केलेली. आता कुणाला विचारू? आणि ह्या सहीचा फोटो दाखवत माझं पोर परमुलखात नाक्यानाक्यावर थांबणार.

कागद फाडला. साड्यांखालचा फॉर्म काढून त्यावर माझी सही केली. ती करताना मात्र दोनदा थांबावं लागलं.

शिवतेज जीपमध्येच झोपला असेल. कचेरी उघडायच्या आत त्याला फोन करते. चिडेल, चिडू दे. मालक वारलेत, एवढं साहेबांना खरं सांग आणि माघारी ये, असं म्हणणार आहे. "वारलेत" हा शब्द तीन वर्षांत मी फोनवर कुणाला म्हटलेला नाही. तो नीट उच्चारता आला पाहिजे.